डेटा जाईल, चालंल?

राजारामपुरीत झेरॉक्सच्या दुकानात
अर्धा गाळा माझा.
एक टेबल, भिंगाचा दिवा, हीट गन,
बाटलीच्या टोपणात स्क्रू, तिळाहून बारीक.
शिंकलं की दिवस गेला.

फोन उघडायच्या आधी मी एवढंच विचारते,
डेटा जाईल, चालंल?
माणूस गप होतो.
खिसे चाचपल्यासारखा आत कुठंतरी चाचपतो.

बाळगोंडा चौगुले म्हणाले, जाऊ दे सगळं,
बॅटरी तेवढी चांगली करा.
मी नवी बॅटरी घातली, साडेआठशेची.
संध्याकाळी परत हजर, कपाळाला आठ्या.
ही नव्हं वो ताई, उजेडाची!
शेताला लाइट रात्री बाराला येते,
मोटर चालू करायला एकटा जातो,
बांधावर पाय टाकायच्या आधी
जमीन दिसली पायजे.

सात्ताप्पाचा फोन तालमीच्या हौदात पडलेला,
स्पीकरच्या जाळीत तांबडी माती.
त्याला एकच व्हिडिओ हवा होता,
बावीस सेकंदांचा, त्यात तो चितपट होतो.
जिंकलेल्या कुस्त्या?
त्या गावाला पाठ हैत, तो म्हणाला.
माझा डावा पाय कुठं उचलला गेला
ते मलाच अजून दिसलं न्हाई.

आणि सुभाषनगरचे कांबळेमामा.
त्यांच्या गॅलरीत चारशेवर पाय,
एक तोंड नाही.
वर्तमानपत्रावर ठेवलेले, शेजारी फूटपट्टी,
कुणाचा अंगठा वाकडा, कुणाची टाच फुटलेली.
एका पायावर बोट ठेवून म्हणाले,
ह्या बाई गेल्या गेल्या साली.
मग पुसून टाकू का?
नको. लेकीचा पाय अगदी असाच निघालाय.
मी त्या दिवशी माझी चप्पल
टेबलाखाली सरकवली. प्लास्टिकची होती.

आक्काताई मगदूमांना कॅल्क्युलेटर लागतो.
भिशीचा हिशेब तोंडपाठ आहे त्यांचा,
पण जावेचा तोंडावर विश्वास नाही,
आकड्यावर आहे.

(मोठ्या फोनवालेही येतात.
सगळंच पाहिजे म्हणतात.
त्यांचं काय लक्षात ठेवायचं?)

एक अजून सांगायची राहिली.
अफरीन मुल्लाणी, सीपीआरमध्ये नर्स.
फोन पार मेलेला, बोर्डच जळालेला.
मी म्हटलं, ह्यात काही राम नाही,
दुसरा घ्या.
घेणारच आहे, पगार झाला की, ती म्हणाली.
तोवर स्क्रीन तेवढी पेटती करता येईल का?
दुसरी पाळी सुटते तेव्हा
दसरा चौकापुढं रस्ता मोकळा असतो.
मी फोन कानाला लावून चालते,
हो पप्पा, आलेच, वळणावर आहे, म्हणते.
तिकडं कुणी नसलं तरी चालतं.
कानाजवळ उजेड पाहिजे.

त्या बोर्डावर मी तीन तास घालवले.
पैसे घेतले नाहीत, म्हणजे घेतले,
पन्नास, नाहीतर ती गेली नसती.

माझ्या फोनला स्वतःला कोपऱ्यात तडा,
दोन वर्षं झाली. लोक हसतात,
न्हाव्याचीच दाढी वाढलेली म्हणून.
हे गुळाची गाडी घेऊन रत्नागिरीला जातात,
येताना मासळीच्या पेट्या.
मलकापुरात एक रिंग देतात,
म्हणजे आता आंबा घाट.
साखरप्याला उतरले की एक रिंग,
म्हणजे घाट संपला.
बोलणं फुकट झालं त्याला किती वर्षं झाली,
आमची रिंग आहे तशीच आहे.
मधल्या वेळात रेंज नसते.
त्या वेळात मी सगळ्यात बारीक काम काढते,
हात हलू नये म्हणून.

आत्ता कुणाच्या तरी फोनचं पोट उघडं आहे,
चिमट्यात एक स्क्रू,
आणि माझा फोन रबरी मॅटवर पालथा
एकदाच थरथरतो, टोपणं किणकिणतात.

ताई, तुमचा फोन, समोरचा म्हणतो.
उचलायचा नसतो, मी म्हणते,
आणि स्क्रू बसवते.